न सापडलेलं शेरणं

फाल्गुन लागला की रत्नागिरीतल्या आमच्या कचेरीच्या खिडक्या सकाळी अकरालाच बंद कराव्या लागतात. कातळावर पडलेलं ऊन तिथे थांबत नाही, उलटून आत येतं. त्याच्याबरोबर मोहोराचा वास येतो आणि झाडाखाली पडलेल्या काजूच्या बोंडांचा आंबूस वासही. याच दिवसांत टेबलावर पत्रकं पडू लागतात. अमुक गावच्या ग्रामदेवतेची पालखी अमुक तिथीला देवळातून निघेल. रूपं, म्हणजे देवीचे चांदीचे मुखवटे, आदल्या दिवशी पालखीत बसतील. मानकऱ्यांनी वेळेवर हजर राहावं. गावाचं नाव आणि तिथी बदलली की बातमी तयार. वीस वर्षं मी त्या अशाच तयार करत आलो.

यंदा आलेल्या पत्रकांतलं एक गुहागर तालुक्यातल्या एका गावचं होतं. ते गठ्ठ्यातून काढून वेगळं ठेवलं. गेल्या शिमग्यात त्या गावात जे पाहिलं त्याची बातमी चार ओळींची झाली होती. उरलेलं वहीत राहिलं. हे त्या उरलेल्याबद्दल.

‘संकटात श्रद्धेने माणसाला बळ दिलं’ असं वाक्य आमच्या धंद्यात सहज लिहिलं जातं. बळ दिलं म्हणजे नेमकं काय झालं, केव्हा झालं, कोणी पाहिलं, हे प्रश्न इतर कुठल्याही बातमीला विचारतात. या वाक्याला कोणी विचारत नाही. मी एकदा विचारून पाहिलं होतं. वाशिष्ठीच्या पुराचं पाणी ओसरल्यावर चिपळूणच्या बाजारात एक किराणा दुकानदार गुडघाभर चिखलात उभा होता. साखरेच्या गोणी दगड झाल्या होत्या, तराजू गाळात रुतला होता आणि हा गृहस्थ बादलीभर स्वच्छ पाण्याने देवांच्या तसबिरी धूत होता. आधी देवच का, असं विचारल्यावर तो हात न थांबवता म्हणाला, “कुठून तरी सुरुवात करायला नको का हो?” ते वाक्य छापलं नाही. त्यात देवाबद्दल काही नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

आता शेरण्याबद्दल. चिपळूण-गुहागरकडच्या काही गावांत शिमग्याला पालखी घरोघर येते तेव्हा ज्याचा नवस असेल तो आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, नारळ पुरून ठेवतो. जागा कोणाला सांगायची नाही, बायकोलाही नाही. तो पुरलेला नारळ म्हणजे शेरणं. पालखी खांद्यावर घेतलेले दोघे खळ्यात नाचू लागतात, पालखी पुढेमागे ओढ घेते आणि एका जागी येऊन दांडा खाली दाबते. तिथे पहार मारायची. नारळ निघाला तर देवीने नवस ऐकला. निघालेला नारळ तिथेच फोडून सगळ्यांना वाटतात.

हे कसं होतं याचं कुतूहल मला फार वर्षं होतं. पालखीवाल्यांना विचारलं तर ते सांगत, “पाय आपसूक वळतात.” खोटं बोलताहेत असं वाटत नसे, पण माझा एक अंदाज होता. जागा एका माणसाला ठाऊक असते आणि तो माणूस तिथेच उभा असतो. पालखी जवळ आली की त्याचा श्वास बदलत असणार, डोळे तिकडे जात असणार. नाचणाऱ्यांना ते कळत असेल, आणि आपल्याला कळतंय हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नसेल. अंदाज बरा होता. तपासायला मात्र मिळाला नव्हता.

गेल्या वर्षी शिमग्याच्या तोंडावर लढाई पेटली. आखातात एका बंदराबाहेर मालवाहू जहाजं नांगर टाकून अडकली. या जिल्ह्यात दर दोन वाड्यांआड एक तरी माणूस जहाजावर आहे, त्यामुळे ती बातमी आमच्याकडे पहिल्या पानावर होती. अडकलेल्यांत गुहागर तालुक्यातला एक महेश होता. वय एकतीस, काम जहाजाच्या इंजिनात, तेलपाणी बघण्याचं. त्याचा घरी आलेला शेवटचा निरोप अकरा दिवसांपूर्वीचा होता: ‘ठीक आहे. पाणी मोजून देतात. काळजी नको.’ त्यानंतर फोन लागला नाही. मग उभ्या असलेल्या जहाजांपैकी एकाला मारा लागल्याची बातमी आली. कुठल्या, ते कोणी सांगत नव्हतं.

“घरच्यांची प्रतिक्रिया आण,” संपादक म्हणाले. “पालखी दारात येईल त्या दिवशीच जा. फोटो बरा मिळेल.” यात दुष्टपणा नव्हता. आमचं काम असंच बोलतं.

जयगडला फेरीबोटीने खाडी ओलांडून दुपारी पोहोचलो. महेशच्या आईला गाव सुनंदाकाकी म्हणतं. घरात ती एकटीच. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलाचं लग्न ठरायचं होतं. खळं नव्याने चोपून शेणाने सारवलेलं. कडेला जांभ्या दगडाचा बुटका गडगा. काकीने मला गडग्याशी खुर्ची दिली आणि कोकम आणलं.

“पेपरवाले ना तुमी? तुमाला काय कळलं काय?”

“नाही अजून.”

“मंग तुमी मला काय इचारणार? मीच तुमाला इचारणार व्हते.”

ती हसली, आणि हसताना पदराने तोंड नाही, कपाळ पुसलं. वहीत एवढंच लिहिलं गेलं. प्रतिक्रिया अशी काही नव्हती.

चार वाजून पाच मिनिटांनी ढोल जवळ आले. गडग्याजवळ चपलांचा ढीग पडला; माझेही बूट त्यातच. पालखीपुढे होते धोंडूतात्या. गावकर, म्हणजे देवीपुढे गाऱ्हाणं घालण्याचा मान ज्यांच्या घराण्याकडे आहे ते. पंचाहत्तरीचे, आवाज मात्र खळ्याच्या पार जाणारा. पालखी कुठल्या घरानंतर कुठल्या घरी जाते तो क्रम चाळीस वर्षं त्यांच्या तोंडी आहे. दोनशेच्या आसपास घरं, कागद नाही. पालखीच्या पुढच्या दांड्याला संत्या होता. विरारला राहतो, कुरिअरचं काम करतो. शिमग्याची रजा नाकारली म्हणून आजवर दोन नोकऱ्या सोडल्यात, असं तो स्वतःच अभिमानाने सांगतो.

पालखी खळ्यात आली आणि नाचू लागली. मी पालखीकडे पाहिलं नाही. काकीच्या डोळ्यांकडे पाहत राहिलो. अंदाज तपासण्याची वेळ आली होती.

पण तिचे डोळे कुठेच थांबत नव्हते. पालखी तुळशीकडे गेली की तुळशीकडे, माडाच्या बुंध्याकडे गेली की तिकडे. सगळ्यांसारखीच तीही शोधत होती. मी वहीत प्रश्नचिन्ह केलं.

चार वीसला पालखीने तुळशीपाशी दांडा दाबला. पहार मारली. हातभर खणलं, माती निघाली. पुन्हा नाच. चार चाळीसला पायरीखाली. तिथे जांभ्याची कपची निघाली. तिसऱ्यांदा माडाजवळ, तिथे मुळं. ढोलवाल्यांनी हात बदलले. संत्याच्या खांद्यावरचा पंचा ओला झाला होता, घामाने आणि थोडा रक्तानेही. पुढच्या घरचा एक माणूस गडग्यापलीकडून हळूच बघून गेला. कोणीतरी पुटपुटलं, “आई रुसली काय?” ते काकीला ऐकू गेलं असावं, कारण तिने पदर कमरेला घट्ट खोचला.

पाच वाजता पालखी टेकवली. संत्या तात्यांच्या कानाशी लागला. मी दोन पावलांवर होतो.

“तात्या, त्या कोपऱ्यात दुसरा नारळ ठेवून काढू काय? कोणाला कळनार नाय. म्हातारीला बरं वाटंल.”

तात्यांनी त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही. “आईच्या पालखीसमोर आयशीलाच फसवायची? खांदा दुखतोय तर बदल माणूस. डोकं नको चालवू.”

मग ते काकीपुढे गेले. मला वाटलं काहीतरी समजूत घालतील, देवीच्या मनात असेल तसं वगैरे. ते सरळ म्हणाले, “सुनंदा, नाय गावलं.”

काकीने एकदा सगळ्या खळ्यावरून नजर फिरवली, तीन खड्ड्यांवरून, नंतर पालखीतल्या चांदीच्या मुखाकडे पाहिलं आणि म्हणाली, “नाय गावलं म्हंजी गेलं नाय. हाय. हितंच जमिनीत हाय.”

“व्हय,” तात्या म्हणाले.

“मंग आईचं काम राह्यलं. पुढच्या वर्साला येंल आनी काढंल. तवर ऱ्हाऊ दे.”

तिने ओटी भरली. तात्यांनी गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे देवीपुढे गावाच्या वतीने केलेली मागणी. वाक्यावाक्याला जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. तात्या म्हणाले, “आई गो, तुजं लेकरू पान्यावर हाय. जिथं हाय तिथं त्याच्यावर नजर ठेव गो!” आणि खळ्यातून आवाज उठला, “व्हय म्हाराजा!” संत्याचा आवाज सगळ्यांत मोठा होता. पालखी पुढच्या घरी गेली.

मी थांबलो. संध्याकाळच्या उन्हात काकी तिन्ही खड्डे पायाने बुजवत होती. मदतीला पुढे झालो तेव्हा तिने आपणहून सांगितलं. शेरणं तिने चार दिवसांपूर्वी रात्री अंधारात पुरलं होतं आणि वर करवंदीची काडी खोचली होती. दुसऱ्या दिवशी महेशच्या कागदपत्रांच्या नकला घेऊन ती गुहागरला कचेरीत गेली. कोणीतरी सांगितलं होतं की अर्ज द्यावा लागतो. परत येऊन बघते तर वाडीतल्या बायकांनी तिच्या मागे खळं वरवर उकरून, भिजवून, चोपून, सारवून लख्ख केलेलं. एकटी बाई, मुलाची चिंता, म्हणून. काडी गेली होती. मदतीला आलेल्या हातांनीच खूण पुसली, आणि त्यांना विचारायची सोय नव्हती. विचारलं तर नवस फुटला असता.

“म्हणजे जागा तुम्हालाही माहीत नव्हती?”

“कोनालाच नव्हती. आईला सोडून.”

“आणि आईलाही सापडली नाही.”

हे वाक्य तोंडून गेलं आणि लगेच चुकल्यासारखं वाटलं. ती रागावली नाही. पायाने माती दाबत म्हणाली, “तिला काय एकच खळं हाय? आनी एक सांगते तुमाला. नारळबी असोलाच पुरला मी. सोडनासकट. देवाला सोललेला देतात. पन सोलायचा महेश. मला पहारीवर सोलता येत नाय. म्हनलं, तू ये आनी सोल.”

परतताना फेरीबोटीच्या कठड्याला टेकून मी माझ्या अंदाजाचा विचार करत होतो. जागा कोणालाच ठाऊक नव्हती आणि पालखीला ती सापडली नाही. अंदाज बरोबर ठरला होता, निदान चुकीचा ठरला नव्हता. त्याचा आनंद व्हायला हवा होता. पण डोक्यात राहिलं ते काकीचं वाक्य. त्या रात्री कचेरीत मथळ्यावरून वाद झाला. एकाने ‘बेपत्ता’ लिहिलं होतं. मी ते खोडून ‘संपर्क नाही’ केलं. बेपत्ता म्हणजे शोधूनही न मिळालेला. इथे अजून शोधलंच कोणी नव्हतं. कळलेलं आणि न कळलेलं यांतली रेघ आम्ही पगार घेऊन ओढतो, तरी घाईत ती पुसते. त्या बाईने तीन खड्ड्यांसमोर, सगळ्या गावादेखत ती बिनचूक ओढली होती. न मिळणं म्हणजे नसणं नव्हे, एवढंच ती म्हणाली होती. त्याहून जास्त काही मिळाल्याचा दावा तिने केला नव्हता.

देवीनेच तिला ते बोलायला शिकवलं का, हे मला सांगता येणार नाही. पण देवी नसती तर ते ती कोणाला उद्देशून बोलली असती, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यापाशी आहे.

एकोणीस दिवसांनी महेशचा निरोप आला. मारा शेजारच्या जहाजाला लागला होता. याचं जहाज मात्र आणखी चार महिने तिथेच अडकून पडलं. श्रावण संपता संपता तो घरी आला, आणि ‘सुखरूप परत’ या बातमीसाठी मी पुन्हा खाडी ओलांडली. खळ्यात शेवाळ धरलं होतं. महेश उंच, किडकिडीत, बोलताना सतत कान चोळणारा. आधी त्याने मला गडग्यापाशी नेलं.

“बघा काय आलंय.”

मातीतून हातभर कोंब वर आला होता. दोन पानं, अजून न फाटलेली, तलवारीसारखी. असोला नारळ पाऊस पिऊन रुजला होता. आषाढात काकीला दिसला; मुलगा येईपर्यंत तिने कोणाला सांगितलं नव्हतं. जागा मी ओळखली. त्या दिवशी जिथे चपलांचा ढीग होता आणि माझे बूट होते, तीच. पालखी तिथे जाणार कशी? चपलांवरून कोणी पालखी नेत नाही. माझी खुर्चीही तिथून हातभरच दूर होती. सगळा वेळ मी काकीच्या डोळ्यांत जे शोधत होतो ते माझ्या पायांशी होतं.

“तिथं खुर्ची घातली तीबी मीच,” काकी म्हणाली आणि इतकी हसली की महेशने तिला धरून पायरीवर बसवलं.

मग पडवीत बसून महेश जहाजाबद्दल बोलला. बातमीला लागणार होतं त्यापेक्षा बरंच जास्त. आकाशातून मोटारसायकलीसारखा आवाज जायचा आणि सगळे जेवण टाकून खालच्या मजल्यावर धावायचे. पिण्याचं पाणी दिवसाला दोन बाटल्या. इंजिन बंद, म्हणजे त्याला कामच नाही. “काम नसलं की कान वाजतात,” तो म्हणाला. बावीस जण होते, पाच-सहा देशांचे. सुरुवातीला पत्ते खेळायचे. मग पत्त्यांवरून मारामाऱ्या झाल्या. मग कोणी कोणाशी बोलेना.

“एका संध्याकाळी मी डेकवर उभा व्हतो. मोबाइलात तारीख बघितली तर शिमगा. आमच्या दारात पालखी येऊन गेली असनार. मला काय झालं कळलं नाय, मी मोठ्यानं गाऱ्हानंच घालायला लागलो. तात्यांचं. लहानपनापासून ऐकलेलं, पाठ हाय. पन नावं गावाची कशी घेनार? मंग जहाजावरच्यांची घेतली. कप्तानापासून.”

मागे उभ्या असलेल्या दोघांनी विचारलं, हे काय चाललंय. त्याने सांगितलं, मी तुमच्यासाठी मागतोय, तुम्ही फक्त मधे मधे ‘व्हय म्हाराजा’ म्हणा. म्हणाले ते. अर्थ कोणाला कळला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, साडेपाचला, सात जण आले, आठवड्याभरात कामावर नसलेले सगळे. यात गळ्यात क्रूस असलेले होते, रोजे धरणारे दोघे होते. ते म्हणत, आम्ही आमच्याच मालकाला धरून होकार देतो. कोणाची आजारी आई, कोणाचं व्हायचं बाळ, गाऱ्हाण्यात भर पडत गेली. पाच मिनिटांचं गाऱ्हाणं वीस मिनिटांवर गेलं.

“भीती गेली का त्याने?” मी विचारलं.

“नाय. भीती तशीच.” त्याने कान चोळला. “पन साडेपाच वाजायचे. आदी दिवसाला काय वाजतच नव्हतं.”

हे उत्तर मी जसंच्या तसं वहीत घेतलं. त्याखाली, का कोण जाणे, चिपळूणच्या दुकानदाराचं वाक्य लिहिलं.

जहाजावरचा आचारी फिलिपिनो होता, साठीचा. चौथ्या की पाचव्या दिवशी त्याने महेशला थांबवलं. तो रोज बोटांवर नावं मोजत असे. बावीस माणसं, नावं एकवीस. कोण राहिलं? महेश स्वतः. गाऱ्हाण्यात आपलं नाव घ्यायचं असतं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. तात्यांना ते घेताना कधी ऐकलंच नव्हतं. आचाऱ्याने मान हलवली. त्या दिवसापासून महेशचं संपलं की तो हातातला झारा वर करून ओरडायचा, “माहेस!” आणि बाकीचे म्हणायचे, व्हय म्हाराजा.

सांगून झाल्यावर महेशचा चेहरा उतरला. त्याच्या मनात वेगळीच धास्ती होती. गाऱ्हाणं घालण्याचा मान तात्यांच्या घराण्याचा. आमच्याकडे मानावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत, पालख्या देवळात अडकून पडल्या आहेत. आणि याने तो मान चार महिने परक्या समुद्रावर वापरला होता. “तात्यांना सांगितलं नाय अजून. लढाईची वाटली नाय एवढी भीती वाटते.”

आम्ही तिघेही गेलो. तात्या पडवीत सुंभ वळत बसले होते. महेशने उभ्यानेच सगळं सांगितलं, खालमानेने. तात्यांनी सुंभ बाजूला ठेवला.

“एकवीस नावं? परदेशी?”

“व्हय तात्या.”

“चुकला नायस?”

“पयल्यांदा दोन चुकलो.”

“मी पयल्या वर्साला आख्खी खालची वाडी इसरलो व्हतो. अजून टोमने मारतात.” मग त्यांनी महेशला बसायची खूण केली. “मान गावात असतो. पान्यावर कसला मान? तिथं जो बोलंल तो गावकर. आपलं नाव घेतलं नायस ना?”

“नाय.”

“झालं तर. मागनाऱ्यानं आपलं नाव घ्यायचं नसतं. आपल्यासाठी दुसऱ्यानं मागायचं.”

मला राहवलं नाही. “मग तात्या, तुमचं नाव कोण घेतं?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं मी जमिनीचा उतारा मागितला होता. “वडिलांचं कोनी घेतलं नाय, माजं कशाला घेतील? चाळीस वर्सं झाली. चाललंय.” आणि सुंभ पुन्हा हातात घेतला.

काकी दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती.

यंदाच्या फाल्गुनात पत्रक बाजूला ठेवून मी रजा टाकली आणि बातमीशिवाय गेलो. जयगडच्या धक्क्यावर सुकत घातलेल्या मासळीचा वास, पलीकडच्या डोंगरावर वणव्याची काळी पट्टी, वाटेवर पांगाऱ्याची लाल फुलं. वर्षापूर्वी यातलं काहीच वहीत घेतलं नव्हतं. तात्या थकले होते. पौषात छातीत दुखून चिपळूणच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढून आले होते. घराघरांतून त्यांच्यासाठी खुर्ची ठेवली जात होती आणि ते एकाही खुर्चीत बसत नव्हते. महेश पुढल्या महिन्यात पुन्हा जहाजावर जाणार होता. मालवाहू जहाज, तोच मार्ग. “दुसरं येतं काय मला?” तो म्हणाला. काकीने यंदा शेरणं पुरलं नव्हतं. जुनंच बाकी आहे, म्हणाली.

खळं सारवलं होतं, पण गडग्याजवळचा तो कोवळा माड मधे ठेवून, भोवती गोल सोडून. चपला यंदा बाहेर रस्त्यावर काढायला लावल्या.

पालखी नाचत आली. संत्याने पुढचा दांडा घेतला होता. तो माडाजवळ येताच गर्दीतून कोणी ओरडलं, “काढ रे संत्या, आता तर आंधळापन काढील!” हशा उसळला. संत्या नाचता नाचताच म्हणाला, “गेल्या वर्साला तुमच्या चपला काढल्या असत्यात तर तवाच काढलं असतं!” पालखी माडाभोवती तीनदा फिरली आणि दांडा खाली आला, हलकेच, पानाला लागेल न लागेलसा. एकाने सवयीने पहार पुढे केली. तात्यांनी हात आडवा केला.

“काय फोडनार त्याच्यात? खोबऱ्याचा कोंब झाला. आईनं आपनच वर काढलाय. ऱ्हाऊ दे.”

मग त्यांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज पूर्वीइतका खळ्याच्या पार जात नव्हता, म्हणून लोक जवळ सरकले. वाडीवस्ती झाली, गुरंढोरं झाली, मुंबईवाले झाले. “आई गो, महेश परत पान्यावर जातोय. त्याला आनी त्याच्यासंगती असतील त्या समद्यांना, कुठल्यापन गावचे असोत, सांभाळून आन गो!” व्हय म्हाराजा. शेवटचं वाक्य झालं. तात्यांनी हात जोडून कपाळाला लावायला उचलले.

“आनी धोंडूभावोजींना!”

आवाज बाईचा होता. गाऱ्हाण्यात बाईने बोलायची रीत नाही. मधेच कोणी बोलायचीही नाही. काकी पायरीवर उभी होती, पदर कमरेला खोचून. “आई गो, आमच्या समद्यांची नावं घेनाऱ्या आमच्या धोंडूभावोजींच्या छातीत बळ ऱ्हाऊ दे गो!”

मानकरी एकमेकांकडे पाहू लागले. मग महेशने तोंड उघडलं आणि त्याच्यामागून सगळं खळं.

“व्हय म्हाराजा!”

तात्यांचे हात अजून कपाळापाशीच होते. त्यांनी ते खाली आणले, पंचाने तोंड पुसलं आणि काकीकडे न बघता म्हणाले, “मान कोनाचा, बोलतंय कोन!” पण ते पुरतं ऐकू आलं नाही. पालखी उचलली गेली. ढोलवाले तात्यांकडे बघत थांबले, कारण पुढचं घर नेहमी तेच सांगतात.

“तात्या, आता कुठलं घर?” संत्याने विचारलं.

तात्या उभे राहिले. चाळीस वर्षांचा क्रम. त्यांनी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे.

“थांब जरा,” ते म्हणाले. “सांगतो.”